आयेल्ट्स स्पीकिंगसाठी दांडिया बाजारातला एका मॅडमचा घरगुती क्लास (बडोदा)

मी नर्स आहे, यूकेला जायचंय, तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयेल्ट्स ह्या इंग्लिशच्या परीक्षेत स्पीकिंगमध्ये 7 बँड (9 पैकी) लागतात आणि मला पहिल्या वेळी 6 आले. तेव्हा ज्या मोठ्या कोचिंगला जायचे तिथे क्यू कार्डची (टेस्टमध्ये बोलायला विषय देतात ते कार्ड) उत्तरं पाठ करून घ्यायचे, मी कधी न बघितलेल्या हिल स्टेशनची ट्रिप घडाघडा म्हणून दाखवली आणि पुढचा साधा प्रश्न आला तर तोंडातून शब्द फुटेना.

मग मावशीने ह्या मॅडमचं सांगितलं. त्या मराठीच, बडोद्यातच वाढलेल्या, आणि फायदा तोच, कारण माझी चूक येते कुठून ते त्यांना लगेच कळतं. मी बोलायचे 'आय ॲम लिव्हिंग इन बरोडा सिन्स टेन इयर्स'. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मी दहा वर्षांपासून इथे राहते'. म्हणाल्या, बघ, मराठीत नुसतं 'राहते' चालतं, इंग्लिशमध्ये आधी सुरू झालंय आणि अजून चालूय हे क्रियापदातच दाखवावं लागतं, म्हणून 'हॅव बीन लिव्हिंग'. आणि किती वर्षं ते सांगायचं तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचं तर 'सिन्स', आपल्याकडे दोन्हीला एकच 'पासून' ना, घोळ तिथेच होतो. शाळेत इतकी वर्षं टेन्स पाठ केले पण हे कोणी असं समजावलंच नव्हतं!! 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' पण असंच सुटलं. व्ही आणि डब्ल्यूसाठी आरसा देतात, व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, डब्ल्यूला ओठ गोल, कारण आपला 'व' दोन्हीकडे एकच.

भीतीचं पण सांगते. स्पीकिंगची टेस्ट 11 ते 14 मिनिटांची असते, फ्लुएन्सी, शब्द, ग्रामर, उच्चार चारही गोष्टींना सारखं वजन, म्हणजे ग्रामरला फक्त पाव हिस्सा. मी दर वाक्याला थांबून मनात टेन्स तपासायचे आणि त्यातच फ्लुएन्सी घालवायचे. मॅडम मोबाइलवर रेकॉर्ड करतात, एक मिनिट तयारी, दोन मिनिटं बोलायचं, विषय आपलेच, कमाटीबागेतलं म्युझियम, आजीकडचा गणपती. शेवउसळवर मी पहिल्यांदा न अडखळता दोन मिनिटं बोलले तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं.

कमी काय, तर रायटिंग शिकवत नाहीत, ते दुसरीकडे बघावं लागेल. पार्ट थ्रीच्या, म्हणजे टेस्टच्या शेवटच्या भागातल्या, चर्चेच्या प्रश्नांची प्रॅक्टिस मला कमी वाटली, मागून घ्या, मागितली की देतात. बॅच सहा जणांचीच म्हणून मला महिनाभर थांबावं लागलं. संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने जा.

दुसऱ्या वेळी मला 7 आले. नाइट ड्युटीवाल्यांनी दुपारची बॅच विचारा, मी तीच केली होती.