ब्लूटूथ ओबीडी डोंगल: कोडपेक्षा लाइव्ह डेटासाठी घ्या

चेक इंजिनचा दिवा लागला की हा काडेपेटीएवढा डोंगल स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचा, इग्निशन चालू करायचं आणि फोनवरच्या ॲपमध्ये ओबीडीने, म्हणजे गाडीच्या बिघाड नोंदवणाऱ्या यंत्रणेने, साठवलेला कोड वाचायचा. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, तो जोडलाच जात नाही. बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) किंवा वायफायवाला लागतो.

कोड म्हणजे सुट्या भागाचं नाव नव्हे. पी०१७१ आला, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायला धावतात लोक. तो बिचारा बहुतेक वेळा फक्त चहाडी करत असतो. त्याऐवजी लाइव्ह डेटात, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणाऱ्या सेन्सरच्या आकड्यांत, शॉर्ट आणि लाँग फ्यूल ट्रिमची (गाडीचा संगणक पेट्रोल तात्पुरतं आणि कायमचं किती टक्के वाढवतोय-घटवतोय त्याची) बेरीज बघा. साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) +२० आणि २५०० आरपीएमला +५ दिसत असेल, तर इनटेकची एखादी रबरी नळी तडकून हवा शिरतेय. उलट, लोड वाढेल तसा ट्रिम चढत गेला, तर तुंबलेला पेट्रोल फिल्टर, दमलेला पेट्रोलचा पंप किंवा आत येणारी हवा मोजणारा मळलेला एअरफ्लो सेन्सर. (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या नुसत्या मॅप सेन्सरवर चालणाऱ्या इंजिनांत हा ठोकताळा तितका लागू पडत नाही.)

मिसफायरला (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याला) तर हा फारच उपयोगी. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. इंजिन बंद करून त्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) तिसऱ्याशी अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. कोड जागचा हलला नाही तर प्लगची तशीच अदलाबदल. तरीही नाही, तर इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन. दिवा मिचमिचत असेल तर मात्र गाडी दामटू नका: न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग तापून बाद होतो.

उणिवा आहेतच. स्वस्त नकला संथ असतात, एका वेळी दोन-तीनच आकडे लावा, नाहीतर आलेख अडखळतो. एबीएस, एअरबॅगचे कोड बहुधा वाचत नाही. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही (बिघाड नोंदला त्या क्षणाचे आकडे) जाते, म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या. आणि १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, त्यामुळे डोंगल गाडी बंद असतानाही बॅटरी खात राहतो. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा.