ड्राइव्हथ्रूआरपीजी आणि डीएम्स गिल्ड: पैसे घालण्याआधी डीएम लोकांनी वाचा

ड्राइव्हथ्रूआरपीजी दुकान म्हणून एक नंबर आहे, माल मात्र पारखून घ्यावा लागतो. आणि पारखायचा कसा तर कव्हरवरचा ड्रॅगन बघून नाही, पानं किती आहेत ते बघून तर अजिबात नाही. तुम्ही डीएम, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा माणूस; शनिवारी संध्याकाळी टेबलाभोवती पाच माणसं बसलीयेत, सगळी तुमच्या तोंडाकडे बघतायत, अशा वेळी ती फाइल उघडली तर हवं ते पटकन सापडतं का, एवढंच बघायचं. माझा सगळा रिव्ह्यू याच एका मुद्द्यावर आहे.

ज्यांना हे दुकान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, फासे टाकत खेळायचे खेळ, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स), पाथफाइंडर आणि त्यांची सगळी भावकी, यांच्या पीडीएफ इथे मिळतात, मोठ्या प्रकाशकांच्याही आणि घरी बसून एकट्याने लिहिणाऱ्यांच्याही. २००१ मध्ये आरपीजीनाऊ म्हणून दुकान निघालं, २००४ मध्ये ड्राइव्हथ्रू, पुढे दोन्ही एका छपराखाली आली आणि २०२२ मध्ये सगळा कारभार रोल२० या ऑनलाइन खेळायच्या साइटबरोबर एक झाला. डीएम्स गिल्ड हे यांचंच भावंड, २०१६ मध्ये डी अँड डी काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीबरोबर मिळून काढलेलं. तिथे कुणीही विझर्ड्सच्या जगातली गावं, देव, राक्षस वापरून स्वतःचं सप्लिमेंट, म्हणजे पूरक पुस्तक, लिहून विकू शकतं, किमतीतला अर्धा वाटा लिहिणाऱ्याला आणि उरलेला अर्धा विझर्ड्स आणि दुकानात वाटून जातो. अट अशी की गिल्डवर टाकलेलं पुन्हा दुसऱ्या दुकानात ठेवायचं नाही.

नवीन लोक हमखास एक गोष्ट विचारतात, की डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचं मूळ नियमांचं पुस्तक पीडीएफमध्ये कुठे मिळेल. नाही मिळत. विझर्ड्स ते पीडीएफ म्हणून विकतच नाही, ते डी अँड डी बियाँड या त्यांच्या अधिकृत साइटवर किंवा रोल२० सारख्या ठिकाणी विकत घेऊन तिथेच वाचायचं. टेलिग्रामवर जी फिरते ती अधिकृत नाही हे सांगायला नकोच. पण मुळात सुरुवातीला पैसे घालायची गरजच नाही, जानेवारी २०२३ मध्ये इतरांनी हे नियम वापरून लिहायच्या लायसन्सवरून एवढा राडा झाला त्यानंतर विझर्ड्सने मूळ नियमांचा गाभा, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुला करून टाकला, फुकट डाउनलोड होतो. पाथफाइंडरवाल्यांचं तर त्याहून भारी, आर्काइव्ह्ज ऑफ नेथिसवर जवळजवळ सगळे नियम फुकट आणि तेही कंपनीच्या संमतीने. त्यामुळे नियमांवर खर्च करू नका, कॅम्पेन (बरीच सेशन चालणारी एकच गोष्ट) चालवताना जे आयतं हवं असतं त्यावर करा, म्हणजे साहसं, नकाशे, राक्षस, रँडम टेबलं.

आता बियाँड की पीडीएफ हा वाद. बियाँड वापरायला मस्त आहे, कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या आकड्यांचा तक्ता, आपोआप हिशेब करते, नवीन खेळाडूला कुठला फासा टाकायचा ते विचारावं लागत नाही, आणि डीएमने मास्टर सबस्क्रिप्शन घेतलं की एकाने घेतलेली पुस्तकं अख्ख्या ग्रुपला दिसतात. पण तिथे तुमच्या हातात फाइल येत नाही हो. २०१७ ला कर्सने काढलं, मग फँडमकडे गेलं, २०२२ मध्ये विझर्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रोने १४ कोटी ६३ लाख डॉलर मोजून विकत घेतलं, मालक बदलत गेले तसं धोरणही बदलत गेलं. आधी एखादाच सबक्लास (पात्राचा पोटप्रकार) किंवा एखादाच राक्षस सुटा विकत घेता यायचा, २०२४ मध्ये ते बंद, घ्यायचं तर अख्खं पुस्तक घ्या. त्याच वर्षी जाहीर केलं की जुन्या २०१४ च्या नियमांतल्या मंत्रांच्या जागी कॅरेक्टर शीटवर २०२४ च्या नियमांतले नवे मंत्र येणार, लोकांनी जाम आरडाओरडा केला तेव्हा कुठे माघार घेतली. मला सोय आवडते, पण चालू कॅम्पेनमधल्या विझार्डचा (जादूगार पात्राचा) फायरबॉल मंत्र अमेरिकेतल्या कुणाच्या तरी मीटिंगवर अवलंबून असणं हे काही झेपत नाही.

पीडीएफवाले लगेच खूश होऊ नका. ६ एप्रिल २००९ ला विझर्ड्सने पायरसीचं कारण देत सगळ्या दुकानांमधून स्वतःच्या पीडीएफ एका फटक्यात काढून घेतल्या, आणि ज्यांनी पैसे देऊन घेतल्या होत्या पण उतरवून ठेवल्या नव्हत्या त्यांची पंचाईत झाली. जुनी पुस्तकं परत विक्रीला यायला २०१३ उजाडलं. म्हणून माझा नियम असा की पैसे गेले की त्याच मिनिटाला फाइल खाली, एक कॉपी लॅपटॉपवर आणि एक पेनड्राइव्हवर. दुकानाची लायब्ररी कितीही चांगली असो, तिला गोडाऊन समजायचं नाही.

ड्राइव्हथ्रूच्या बहुतेक फाइल्सना कुलूप नसतं. अगदी सुरुवातीला होतं, नंतर काढून टाकलं. आता प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तुमचं नाव आणि ऑर्डर नंबर छापलेला येतो, बास. म्हणजे फाइल तुमची, हव्या त्या मोबाइलवर उघडा, स्वतःसाठी प्रिंट मारा, फक्त ग्रुपवर फॉरवर्ड केलीत आणि ती कुठेतरी उगवली तर नाव कुणाचं आहे ते दिसणारच. मला ही पद्धत रास्त वाटते. शिवाय लेखकाने चुका सुधारून नवीन फाइल टाकली की ती आपल्याला फुकटात मिळते, छापील पुस्तकात हे कुठून होणार.

पैसे भरायचं तेवढं आपल्याकडे डोकेदुखीचं काम आहे. यूपीआय विसरा, किंमती डॉलरमध्ये. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्ड हातात येतं तेव्हा परदेशी व्यवहार बंदच असतात, ते अ‍ॅपमध्ये जाऊन स्वतः चालू करायचे आणि मर्यादा घालायची. माझ्या एका बँकेचं डेबिट कार्ड सगळं चालू करूनही तिथे गप्पच बसायचं, कस्टमर केअरवाली ताई प्रत्येक वेळी "सर, तुमच्याकडून पुन्हा ट्राय करा" म्हणायची, शेवटी क्रेडिट कार्डवर आलो. परदेशी खरेदीवर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लावते आणि त्या मार्कअपवर परत जीएसटी. पाच डॉलरच्या पीडीएफला हे काही फार नाही, पण तीस डॉलरचं जाडजूड पुस्तक घेताना तेवढ्यात सगळ्यांचा चहा निघतो.

आता माल. गिल्डवरून घेतलेलं एक सप्लिमेंट सांगतो, नाव घेत नाही. दलदलीतलं साहस, कव्हर बघून जीव जाईल असं, आत सगळी पानं जुन्या चर्मपत्रासारखी तपकिरी. ते तपकिरी बॅकग्राउंड प्रत्येक पानावर अख्खं चित्र म्हणून घातलेलं, त्यामुळे फाइल एवढी जड की टॅबवर पान उलटलं की आधी पांढरं, मग धूसर, मग हळूहळू अक्षरं. बुकमार्क एकही नाही. मुख्य राक्षसाचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे त्याच्या आकड्यांची चौकट, पान संपलं म्हणून मधोमध तुटलेला, म्हणजे हिट पॉइंट या पानावर आणि हल्ले पुढच्या पानावर, आणि लढाईत नेमकं तेच दोन्ही लागतं. नकाशा सुंदर, पण त्याच्यावरच "गुप्त दार" असं लिहिलेलं, खेळाडूंना दाखवायची वेगळी प्रत नाही. आता हा नकाशा मी टेबलावर ठेवू कसा? कल्पना चांगली होती हो, लेखकाने स्वतः एकदा हातात धरून चालवून बघितलं असतं तर कळलं असतं.

आणि याच्या उलट, एका अनोळखी लेखकाचं काळं-पांढरं चार पानी प्रकरण, जमिनीत खचलेली समाधी आणि तिच्यात डझनभर खोल्या. डाव्या पानावर नकाशा, उजव्या पानावर सगळ्या खोल्या, प्रत्येक खोलीला तीन ओळी. आत शिरल्या शिरल्या काय दिसतं, कसला वास येतो, हात लावला तर काय होतं. जिथे राक्षस आहे तिथेच त्याचे आकडे, पान उलटायचं कामच नाही. किंमत एका वडापाव-चहाच्या जवळपास. या चार पानांवर आमची दोन सेशन निघाली आणि लोक अजून त्या समाधीतल्या घंटेबद्दल बोलतात.

म्हणून प्रीव्ह्यू बटन दाबल्याशिवाय काहीही घेऊ नका. प्रीव्ह्यूमध्ये नुसतं कव्हर, श्रेयनामावली आणि अनुक्रमणिका दाखवली असेल तर समजून जा. मला एक तरी खोली, एक तरी स्टॅट ब्लॉक दिसला पाहिजे. मी तर प्रीव्ह्यू मोबाइलवर उघडून बघतो, झूम न करता वाचता आलं तर पुढचा विचार.

धातूंचे बिल्ले बघून हुरळू नका. तांबं, चांदी, इलेक्ट्रम, सोनं, प्लॅटिनम, मिथ्रल, अ‍ॅडमँटाइन अशी चढती भाजणी आहे, आणि ती विक्रीवर असते, दर्जावर नाही. तांबं म्हणजे पन्नासच्या वर प्रती गेल्या, अ‍ॅडमँटाइन म्हणजे पाच हजारांच्या वर. अख्ख्या जगात पन्नास प्रती गेल्या की बिल्ला लागतो यावरूनच कळतं की या धंद्यात बहुतेकांच्या हाताला काय लागत असेल. वरची ती समाधी तांब्यालाही पोचलेली नव्हती. म्हणून "पे व्हॉट यू वाँट"वाल्या गोष्टींवर माझं असं असतं की आधी शून्य टाकून घ्यायची, सेशनमध्ये चालली तर परत जाऊन पैसे द्यायचे. दुकान तशी सोय देतं, आणि सोय दिलीये तर वापरा, नुसतं शून्य टाकून पळू नका राव.

भारतीय मसाला शोधाल तर फार हाती लागत नाही. विझर्ड्सच्याच २०२२ च्या एका साहससंग्रहात मिमी मंडल या आपल्याकडच्या लेखिकेने बंगालच्या धर्तीवरचा नदीकाठचा मुलूख उभा केलाय, तो जरूर बघा, बाकी बरंचसं म्हणजे हत्ती, महाराजा आणि सहा हातांची मूर्ती. मी काय करतो, त्या जड दलदलवाल्या साहसातला पाण्यात ओढणारा राक्षस उचलला, आकडे तेच ठेवले आणि त्याला गिऱ्हा केला. खाडीच्या काठावर रात्री ओळखीच्या माणसाचा आवाज काढून हाक मारतो, ओ दिली की संपलं. आमच्यातला एक जण मालवणचा, त्याने शप्पथ सांगतो त्या सेशनभर कुणाच्याच हाकेला ओ दिली नाही, त्याच्या क्लेरिकलाही (पुजारी पात्राला) देऊ दिली नाही. एवढं विदेशी सप्लिमेंट शेवटी एका स्टॅट ब्लॉकपुरतं कामाला आलं, पण आलं.

प्रिंट मारणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. या फाइल्स बहुतेक अमेरिकन लेटर साइझच्या असतात, आपला ए४ त्याच्यापेक्षा थोडा अरुंद आणि जास्त उंच. मजकुराला काही फरक पडत नाही, झेरॉक्सवाला "फिट टू पेज" करून देतो आणि आपण स्पायरल मारून घेतो. पण बॅटलमॅप, म्हणजे लढाईचा चौकोन आखलेला नकाशा, असेल तर त्याला ठणकावून सांगायचं की अ‍ॅक्च्युअल साइझ, शंभर टक्के. फिट केलं की एक इंचाचा चौकोन साधारण तीन टक्क्यांनी आकसतो, एका पानावर कळत नाही, पण पानं जोडून मोठी गुहा केली की दुसऱ्या फाइलमधल्या नकाशाशी रेघा जुळत नाहीत, मिनी (पात्राची छोटी बाहुली) कुठल्या चौकोनात आहे यावरून भांडणं. शंभर टक्क्यांत कडेची थोडी पट्टी कापली जाते, जाऊ दे. घेण्याआधी "प्रिंटर फ्रेंडली" प्रत सोबत आहे का तेही बघा, तपकिरी बॅकग्राउंड काळ्या-पांढऱ्यात मारलं तर सगळं पान काजळी फासल्यासारखं येतं.

सेल बद्दल. मार्चमध्ये जीएम्स डेचा असतो (जीएम म्हणजे गेम मास्टर, डीएमच), जुलैमध्ये ख्रिसमस इन जुलै, तोवर विशलिस्टमध्ये टाकून ठेवा. अख्खी सिस्टिम एकदम हवी असेल तर ड्राइव्हथ्रूपेक्षा बंडल ऑफ होल्डिंग किंवा हंबल बंडल स्वस्त पडतं, फक्त तिथे ढिगाने मिळतं आणि ढीग वाचला जात नाही. २०२० च्या जूनमध्ये इच डॉट आयओने वांशिक न्यायासाठी जे बंडल काढलं होतं, कमीत कमी पाच डॉलर आणि हजाराच्या वर गेम आणि इतर गोष्टी, ते माझ्याकडेही आहे, त्यातले आरपीजी मी अजून उघडून संपवलेले नाहीत.

छापील प्रत हवी म्हणून प्रिंट ऑन डिमांड मागवायचा मोह होईल. पुस्तक परदेशात छापून येतं, त्यामुळे पाठवणावळ कधी कधी पुस्तकाच्या किमतीला टेकते आणि वर कस्टमचं काय होईल ते नशीब. मी कार्टमध्ये टाकून पाठवणावळीचा आकडा बघतो, कार्ट बंद करतो आणि तीच पीडीएफ घेऊन पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात प्रिंट मारायला जातो.