लवंग, टी ट्री, कडुनिंब की खोबरेल: घरात कोणतं तेल ठेवावं?

‘जंतुनाशक’ म्हणून ही चारही तेलं विकली जातात, आणि ते खोटं नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत चारही तेलं कुठल्या ना कुठल्या जिवाणूला किंवा बुरशीला रोखतात. पण ताटलीत कातडी नसते. जंतू मरेल इतकं जहाल तेल अंगाला सोसेल का, निवडताना खरा प्रश्न तो.

दाढेसाठी लवंग, यात मला शंका नाही. तिच्या तेलात बहुधा ७० टक्क्यांहून जास्त युजेनॉल असतं. ते जंतू मारतं आणि जागा बधिरही करतं. दंतवैद्यसुद्धा झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून दाढ तात्पुरती भरतात. घरी कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घ्यावं आणि हिरडीला लागू देऊ नये, नाहीतर तोंड सोलवटतं. रात्र निभावते, कीड मात्र तशीच राहते.

पावसाळ्यातल्या चिखल्यांसाठी टी ट्री. हे ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं, वाफेवर काढलेलं तेल. पायाच्या बुरशीवर २५ आणि ५० टक्के द्रावणाची चाचणी झाली आहे, आणि नुसत्या द्रावकापेक्षा ते सरस ठरलं. मात्र काहींच्या कातडीला त्याचा त्रासही झाला. आपण घरी चमचाभर खोबरेलात दोन थेंब घालतो, म्हणजे जेमतेम २ टक्के. तेवढ्यात चिखल्या बऱ्या होतील ही आशा फोल. औषधाच्या दुकानातलं क्लोट्रिमॅझोल मलम स्वस्तही पडतं आणि भरवशाचंही आहे. मुरमांवर मात्र ५ टक्के टी ट्री जेल बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या नेहमीच्या औषधापेक्षा सावकाश पण सौम्यपणे काम करतं, असं १९९० च्या एका चाचणीत दिसलं. बाटली उघडून बरेच महिने झाले असतील तर टाकून द्यावी. हवेने बिघडलेलं तेल ॲलर्जी आणतं.

कडुनिंबाबद्दल लिहिताना थोडा वाईटपणा घ्यावा लागेल. त्याच्या बुरशीनाशक गुणावर अमेरिकन कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने युरोपात पेटंट मिळवलं होतं. भारतात हा वापर आधीपासून माहीत होता, म्हणून ते २००० साली रद्द झालं. २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. अभिमान जरूर वाटावा, पण ते पेटंट पिकांवरच्या बुरशीसाठी होतं. माणसाच्या कातडीसाठीचा पुरावा त्यामानाने तोकडा आहे. लहान मुलांना निंबोळीचं तेल पाजल्यावर उलट्या, झटके आणि मृत्यूही ओढवले आहेत. माझ्या मते त्याची जागा औषधांच्या कपाटात नाही. जास्वंदीवरच्या माव्यासाठी बागेत ठेवावं.

खोबरेल सगळ्यांत सौम्य. त्यात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल, म्हणजे जंतूंना रोखणारं एक मेदाम्ल, असतं. कोरड्या, खाजऱ्या एक्झिमात घाण्याच्या कच्च्या खोबरेलाने स्टॅफिलोकोकस जिवाणू ऑलिव्ह तेलापेक्षा जास्त घटल्याचं आढळलं आहे. नायट्यासाठी मात्र त्यावर विसंबू नये. आणि मधुमेह असेल, तर पायांवर यातलं कुठलंच तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.