मोठ्या पाण्यासाठी शिडाची होडी तयार करून देणारी गोसीखुर्दकाठची कार्यशाळा

पवनी तालुक्यात गोसीखुर्दच्या जलाशयाकाठी डोंगे, नावा आणि फायबरच्या होड्या दुरुस्त करणारी एक छोटी कार्यशाळा आहे. तिला पाटी नाही. टिनाचे छप्पर, दोन लाकडी घोड्या आणि बाहेर कडुनिंबाखाली उलटे ठेवलेले डोंगे एवढीच तिची ओळख, परंतु गावात नावेवाल्या मिस्त्रींची चौकशी केली की कोणीही रस्ता दाखवते. आमची चौदा फुटांची, एका शिडाची, जुनी विकत घेतलेली फायबरची होडी आम्ही त्यांच्याकडे नेली होती. काठापासून सुमारे अडीच किलोमीटर मोकळे पाणी ओलांडून, जलाशय भरल्यावर बेटांसारख्या सुट्या पडणाऱ्या उंचवट्यांपर्यंत जाता यावे आणि तितक्याच निर्धास्तपणे परत येता यावे, इतकी ती भरवशाची व्हावी एवढीच आमची अपेक्षा होती. मिळालेल्या कामाचे हे परीक्षण, असेच पाणी आणि अशीच होडी डोळ्यांसमोर असलेल्या वाचकांसाठी लिहीत आहे.

धरणाचे पाणी म्हणजे शांत पाणी, हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाची लांबी ११ किलोमीटरहून अधिक आहे, त्याला ३३ दरवाजे आहेत, आणि वैनगंगेच्या सपाट खोऱ्यात साठलेले त्याचे पाणी खूप रुंद पसरलेले आहे. अशा उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते. वारा ताशी वीस किलोमीटरच्या वर गेला की लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो, आणि जलाशयातल्या लाटा समुद्रापेक्षा लहान असल्या तरी एकमेकींना चिकटून येत असल्यामुळे लहान होडीला दोन लाटांमध्ये सावरायला वेळ मिळत नाही. मिस्त्रींनी होडीकडे पाहण्याआधी कोणत्या काठावरून कोणत्या उंचवट्याकडे, कोणत्या महिन्यात, किती जण आणि त्यांपैकी पोहता किती जणांना येते, हे सगळे विचारले. रंग कोणता हवा हा प्रश्न त्यांच्याकडून शेवटी आला, आणि या कार्यशाळेबद्दल माझे मत तिथेच चांगले झाले.

तपासणीची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. होडी उलटी करून ते लाकडी हातोडीने बुडावर पुढच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत, बोटभर अंतर सोडत, हलके ठोके देत जातात. फायबरचे थर एकमेकांना घट्ट धरून असतील तर आवाज टणक येतो, आणि थर सुटले असतील किंवा आत पाणी मुरले असेल तर तो बसका येतो. जिथे आवाज बसला तिथे ते खडूने गोल काढतात. आमच्या होडीवर असे गोल मुख्यतः मधल्या फळीच्या पेटीभोवती निघाले. ही फळी पेटीतून पाण्यात सोडली की होडी वाऱ्याने आडवी सरकत नाही, म्हणजे शिडाचा सगळा आडवा जोर पेटीच्या सांध्यावरच येतो. तो सांधा काठाजवळ बरा वाटतो आणि लाटा सुरू झाल्यावर पाणी आत सोडू लागतो. केवळ वरून लुकण भरून रंग मारला असता तर बाहेरून काहीच कळले नसते. त्यांनी सुटलेला थर घासून काढला, आतला भाग उन्हात पूर्ण वाळू दिला आणि मगच इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की घट्ट होणारी राळ) व काचेच्या कापडाचे नवे थर चढवले.

इथे विदर्भाच्या उन्हाळ्याचा प्रश्न येतो. इपॉक्सीत हार्डनर मिसळल्यावर ते घट्ट होण्याचा वेग दर दहा अंश तापमानवाढीला साधारण दुप्पट होतो, त्यामुळे दुपारच्या चाळीस-पंचेचाळीस अंशांत डब्यातले मिश्रण कापडात मुरण्याआधीच तापून घट्ट होते आणि वरून चकचकीत, आतून कोरडा असा थर तयार होतो. मिस्त्री हे काम फक्त पहाटे करतात, मिश्रण थोडे थोडे करून पसरट ताटलीत ओततात आणि ऊन चढले की हात थांबवतात. काम यामुळे लांबते, परंतु याच कारणासाठी ते लांबू द्यावे.

लाकडाच्या बाबतीत ते तितकेच काटेकोर आहेत. सुकाणूचे पाते आणि बसण्याच्या फळ्या त्यांनी आयएस ७१० मानकाच्या मरीन प्लायमध्ये केल्या. या मानकात प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचे थर सुटत नाहीत ना हे तपासले जाते. बाजारात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारा प्रत्येक प्लाय त्या कसोटीचा नसतो, त्यामुळे फळीवरचा शिक्का पाहूनच माल घ्यावा, असे त्यांनी आम्हाला दुकानात पाठवताना बजावले. सुकाणूच्या हातासाठी मात्र त्यांनी सागवान वापरले. सागवानात तेल असल्यामुळे इपॉक्सी त्यावर नीट धरत नाही. जोडण्याआधी ते ॲसिटोनने पुसून घ्यावे लागते, आणि त्यांनी तसे पुसून घेतले. सुकाणू ज्या बिजागरीत बसते तिथे त्यांनी स्प्लिट पिन आणि पातळ दोरीचा गळफास असे दुहेरी बंधन दिले, कारण होडी उलटली की सुकाणू आपोआप निसटून तळाला जाते आणि मग होडी सरळ केली तरी ती वळवता येत नाही.

आता या कार्यशाळेचे सर्वांत मोलाचे काम सांगतो. फायबर हे पाण्यापेक्षा जड असते. होडीत पाणी भरले आणि तिच्यात हवा धरून ठेवणारे काही नसेल, तर ती बुडते. आमच्या होडीत आधीच्या मालकाने पुढच्या कप्प्यात रिकामे तेलाचे डबे कोंबलेले होते. मिस्त्रींनी ते सगळे काढले आणि त्या जागी पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम बसवला. एक लिटर जागा व्यापणारा फोम सुमारे एक किलो वजन पाण्यात तोलून धरतो, हा हिशोब त्यांनी होडी, सामान आणि माणसे धरून आमच्यासमोर केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो फोम त्यांनी तळाशी न भरता दोन्ही बाजूंना, काठाच्या खाली उंचावर बसवला. फोम तळाशी असेल तर पाणी भरलेली होडी डळमळते आणि पुन्हा पुन्हा पालथी होते. बाजूंना असेल तर ती काठापर्यंत बुडूनही सपाट तरंगते आणि तिच्यातले पाणी उपसता येते. डोलकाठीच्या टोकालाही त्यांनी फोमचा एक छोटा गोळा बांधला, म्हणजे होडी आडवी पडली तरी काठी खाली जाऊन तळाच्या गाळात रुतत नाही.

हे सगळे झाल्यावर होडी घेऊन जाता येईल असे आम्हाला वाटले होते. मिस्त्रींनी ती दिली नाही. त्यांनी आम्हाला लाइफ जॅकेट घालून छातीभर पाण्यात उतरवले आणि शीड चढवलेली होडी आमच्याकडूनच आडवी पाडवली. “भाऊ, इथं पडली त बरं, तिकडं पडल्यावर कोन पाह्यते?” एवढेच ते म्हणाले. एकाने मधल्या फळीवर उभे राहून भार द्यायचा, दुसऱ्याने होडीचे पुढचे टोक धरून ते वाऱ्याकडे वळवायचे, शीड ताणायचा दोर आधी मोकळा सोडायचा, आणि होडी उभी राहताच एकानेच मागून आत शिरायचे, हा क्रम आमच्या हातात बसेपर्यंत त्यांनी आम्हाला बाहेर येऊ दिले नाही. बादली होडीला दोरीने बांधलेली असावी हेही तिथेच कळले, कारण पहिल्या खेपेला ती तरंगत दूर निघून गेली. पैसे घेऊन वस्तू दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. ती वस्तू बिघडल्यावर तिच्याशी कसे वागायचे हे शिकवणारा कारागीर मला फार क्वचित भेटला आहे.

लाइफ जॅकेटबद्दल त्यांचा सल्लाही नोंदवण्याजोगा आहे. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. ५० न्यूटनचे जॅकेट पोहणाऱ्याला आधार देण्यापुरते असते, तर १०० किंवा १५० न्यूटनचे जॅकेट थकलेल्या माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी बनवलेले असते. मोकळ्या पाण्यासाठी दुसराच प्रकार घ्यावा, आणि लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असावा, नाहीतर मूल खाली आणि जॅकेट वर अशी गत होते.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. शिडाचे काम या कार्यशाळेत होत नाही. ते ओळखीच्या शिंप्याकडून करवून घेतात, आणि तिथे देखरेख कमी पडते. आमच्या शिडाच्या कापडात दोष नव्हता, परंतु त्याची शिवण साध्या सुती दोऱ्याने सरळ टाक्यात केलेली होती. सुती दोरा उन्हाने आणि ओलीने लवकर कुजतो, आणि सरळ टाका ताण आला की कापडाबरोबर लांबत नाही. चाचणीच्या वाऱ्यातच मागच्या कडेची शिवण हातभर उसवली. ती त्यांनी पॉलिस्टरच्या जाड दोऱ्याने, नागमोडी टाक्यात, पैसे न घेता पुन्हा करून दिली हे खरे, पण जो मिस्त्री फायबरवर बोटाबोटाने ठोके देतो त्याने शिवणही आधी ताणून पाहायला हवी होती. शीड आखूड करण्यासाठी दोन ओळींत दोऱ्या लावून घेण्याचा आग्रहही आम्हालाच धरावा लागला. लहान होडीत वारा वाढल्यावर पूर्ण शीड उतरवले की लाटांपुढे वळायला जोर उरत नाही, आणि पूर्ण ठेवले की होडी आडवी होते. म्हणून ते अर्ध्यावर आखडण्याची सोय लागतेच, आणि शंका असेल तर काठावरून निघतानाच ते आखडलेले बरे.

नांगराबाबतही माझी तक्रार आहे. नांगर चांगला, पण त्याला दिलेला दोर जवळजवळ पाण्याच्या खोलीइतकाच होता, आणि तोही शेती साहित्याच्या दुकानात मिळणारा निळा पॉलिप्रॉपिलीनचा. असा दोर पाण्यावर तरंगतो, उन्हाने ठिसूळ होतो आणि नांगराला उभा वर ओढतो, त्यामुळे नांगर तळ धरत नाही. दोराची लांबी खोलीच्या पाच ते सात पट असावी, तो झटका सोसणाऱ्या नायलॉनचा असावा आणि नांगराजवळ काही हात साखळी असावी, म्हणजे ओढ आडवी पडते. एक गोष्ट मात्र मिस्त्रींनी इथल्या पाण्याचा अनुभव वापरून फार उत्तम केली: नांगराच्या डोक्याला दुसरी बारीक दोरी बांधून तिच्या वरच्या टोकाला तरंगता गोळा लावला. जलाशयाच्या पोटात बुडालेली झाडे आहेत. त्यांच्या फांद्यांत नांगर अडकला तर या दोरीने तो उलट बाजूने ओढून सोडवता येतो.

त्याच झाडांच्या खुंटांसाठी त्यांनी सुकाणूचे पाते रबरी पट्ट्यावर असे बसवले आहे की खाली काही लागले की ते मागे उचलले जाते. ढिवर बांधवांच्या जाळ्यांतूनही यामुळे होडी निघते, पण जाळे तुटले तर नुकसान त्यांच्या पोटावर येते, म्हणून निघण्याआधी जाळी कुठे लावली आहेत हे त्यांना विचारूनच वाट ठरवावी. जलपर्णीवर कोणत्याही कार्यशाळेकडे उपाय नाही. वारा फिरला की तिचे पट्टेच्या पट्टे सरकतात आणि सकाळी मोकळा असलेला काठ दुपारी बंद होतो, तेव्हा उतरण्याची दुसरी जागा आधी पाहून ठेवावी आणि दोन वल्ही होडीत असल्याखेरीज निघू नये.

हंगामाबद्दल मिस्त्रींशी मी पूर्ण सहमत आहे. पावसाळ्यात, दरवाजे उघडलेले असताना, ते कोणाचीही होडी पाण्यात सोडून देत नाहीत, आणि धरणाच्या बाजूला जाण्याचा विषय कोणत्याही महिन्यात काढू देत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वावटळ आणि वीज येते. मोकळ्या पाण्यावर ॲल्युमिनियमची डोलकाठी हीच सर्वांत उंच वस्तू असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. ते पाहूनच निघावे आणि शक्यतो हिवाळ्यातली सकाळ निवडावी. जलसंपदा विभागाची परवानगी स्वतः काढावी लागते, त्यात कार्यशाळा मदत करत नाही.

मजुरी दिवसावर ठरते आणि साहित्याची पावती वेगळी मिळते, दोन्ही मला वाजवी वाटले; अंदाजपत्रक मात्र तोंडीच असते, ते वहीत लिहून घ्यावे. लाकूड, फायबर आणि फोमचे काम डोळे झाकून या कार्यशाळेला द्यावे, शीड आणि नांगराचा दोर आपल्या मापाने वेगळा घ्यावा. धानाच्या कापणीत त्यांचे दोन्ही मदतनीस शेतावर असतात, म्हणून हिवाळ्यात पाण्यावर जायचे असेल तर होडी पोळ्याच्या सुमारासच त्यांच्या अंगणात नेऊन ठेवावी.