नाशिक ते मालवण: घरची अल्टो की भाड्याची सात सीटर?

दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते दारात गाडी उभी आहे की आपली, काढा आणि चला. दुसरी म्हणते त्या डबीत बसून मालवणपर्यंत कोण जाणार, भाड्याची मोठी गाडी करा, ड्रायव्हर असेल, मस्त झोपून जाऊ. मी दोन्ही प्रकारे जाऊन आलोय, माणसं तीच चार, रस्ताही तोच, सिन्नर-संगमनेर-पुणे-कोल्हापूर आणि मग फोंडा घाटाने खाली, एका बाजूने सहाशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हा जे वाटलं ते सांगतो, तुमची माणसं वेगळी, कंबर वेगळी, त्यामुळे तुमचं मत वेगळं होऊ शकतं.

आधी मोठ्या गाडीचं कौतुक करून घेतो कारण ते खरंच आहे. हायवेवर सात सीटरला तोड नाही. चंदनापुरी घाट कधी आला आणि कधी गेला ते मागच्यांना कळत नाही, खंबाटकीला एसी बंद करायची गरज पडत नाही, ट्रकच्या बाजूने जाताना गाडी हलत नाही. आणि चाकण! चाकणच्या ट्रॅफिकमध्ये स्वतः क्लच दाबत बसणं आणि मागे पाय पसरून मोबाईल बघत बसणं यात जो फरक आहे तो पैशात मोजता येत नाही, त्याच दिवशी पुढे कोल्हापूर गाठायचं असलं तर आणखीच. सेफ्टीच्या बाबतीतही जड गाडीत मनाला बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. छोट्या गाडीत मी अंधार पडला की हायवे सोडतोच, मुक्काम करतो, सरळ. मोठीतून आम्ही रात्री उशिरापर्यंत गेलो होतो आणि भीती वाटली नव्हती.

पैशांचं थोडक्यात. भाड्याच्या गाडीला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दिवसाला ३०० किमीचं ॲव्हरेज लावतात, गाडी फिरो वा न फिरो. सहा दिवसांची ट्रिप धरली तर १८०० किमीचं बिल. जाऊन येऊन १२००, तिकडे फिरणं दोनशे, म्हणजे चारशे किलोमीटरचे पैसे गाडी माडाखाली उभी असल्याचे. वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग. टोल तसा दोन्हींना सारखाच, कार म्हटली की अल्टो काय आणि मोठी काय एकाच वर्गात. पण १५ ऑगस्ट २०२५ पासून तो फास्टॅगचा वार्षिक पास आलाय ना, सुरुवातीला ३००० रुपये होता, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, तो फक्त खाजगी गाड्यांना आहे, भाड्याच्या पिवळ्या नंबर प्लेटला नाही. नाशिक-पुणे वारंवार करणाऱ्याने तो तसाही काढलेला असतो, मग राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलचं गणितच संपतं. पेट्रोल म्हणाल तर माझी गाडी चार माणसं, सामान आणि बऱ्यापैकी एसी लावून १८ च्या आसपास देते, काटेकोर कधी मोजलं नाही, टाकीवरून अंदाज. पण खरं सांगायचं तर पैशांमुळे माझं मत बनलं नाही. चौघांत वाटून भरायचं असेल तर भाडं फार जड जात नाही.

मत बनलं ते एका वाक्यामुळे. "साहेब, गाडी नाही जाणार."

फोंडा उतरून कणकवली, तिथून कसाल, मालवण, इथपर्यंत सगळं गोड चाललेलं. पुढे तारकर्ली आणि देवबाग. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यात घरं, माड, होमस्टे आणि एक रस्ता. समोरून एसटी आली की कोणीतरी मागे जायचं, आणि एसटी काही मागे जात नसते. ड्रायव्हर दादा माणूस चांगला, गाडी हळू चालवणारा, पोरांना घाटात उलटी होऊ नये म्हणून काळजी घेणारा. पण रस्ता अरुंद झाला की त्याचा चेहरा बदलायचा. होमस्टे मुख्य रस्त्यापासून आत होता, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मधे लाल मातीची वाट. दादा उतरला, चालत जाऊन बघून आला, आणि म्हणाला गाडी नाही जाणार. होमस्टेवाल्या काकांनी आतून हाक मारली, "भायर कित्याक? आत घेवा!" पण दादा काही ऐकेना. शेवटी बॅगा डोक्यावर आणि गाडी बाहेर शाळेच्या भिंतीला.

हे एकदा झालं असतं तर मी लिहिलं नसतं. पण मग तेच सुरू झालं. भोगव्याला जाऊ म्हटलं, उतार अरुंद आहे, गाडी नाही जाणार. आचऱ्याहून आत एका वाडीत सोलकढी-वडे चांगले मिळतात असं कळलेलं, तिथेही नाही. किनाऱ्याने देवगड, कुणकेश्वरला गेलो तेव्हा मधे एक छोटी वाट समुद्राकडे उतरत होती, बायको म्हणाली बघू ना काय आहे तिकडे, दादाने नुसतं आरशातून बघितलं, आम्ही गप्प. दुसऱ्या दिवसापासून तर आम्ही विचारायचंच बंद केलं. कुठलीही जागा निघाली की आधी आमच्याच मनात यायचं, गाडी जाईल का तिथे? आणि जिथे रस्ता रुंद तिथे जायचं, म्हणजे जिथे सगळ्या बसेस जातात तिथेच.

दादाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गाडी त्याची नव्हती, गडग्याला घासली तर मालक त्याच्याच पगारातून कापणार. मी त्याच्या जागी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं. पण सहाशे किलोमीटर आरामात येऊन शेवटच्या दोन किलोमीटरला अडकायचं, आणि ते दोन किलोमीटर म्हणजेच तर ट्रिप होती भो.

रुंदीचा एकच आकडा देतो, बाकी स्पेसिफिकेशन तुम्हाला कंपनीच्या साईटवर मिळतील. अल्टो ८०० ची रुंदी १४९० मिमी. इनोव्हा क्रिस्टा १८३०. म्हणजे फुटापेक्षा जास्त फरक, आरसे सोडून. हायवेवर हा एक फूट कोणाच्या लक्षातही येत नाही, पण गडग्यांच्या मधे, एका बाजूला गटार आणि समोर माशांचा टेम्पो अशा वेळी सगळा खेळ तेवढ्यावरच असतो. नंतर अल्टोने गेलो तेव्हा त्याच वाटेने सरळ आत, काकांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गाडी फिरवून तोंड बाहेर करून लावली सुद्धा. एसटी आली की डावीकडची चाकं मातीत उतरवायची, आरसा मिटायचा, झालं. भोगव्याचा उतार उतरलो, चढताना पहिल्या गिअरमध्ये रडत रडत चढली, पण चढली. ती समुद्राकडे जाणारी वाटही बघितली. तिथे काही नव्हतं, चार होड्या आणि सुकत घातलेली मासळी, आम्ही तासभर बसलो.

आता छोट्या गाडीचा त्रास, तोही लपवत नाही. ७९६ सीसीचं इंजिन, चार माणसं, सामान, वर घाट. एसी बंद, दुसरा गिअर, आणि मागच्याला जाऊ द्यायचं, यात कमीपणा काही नाही. ओव्हरटेक करायचा तर आधी विचार करून, पुढे भरपूर मोकळा रस्ता दिसला तरच, ट्रकच्या मागे दहा मिनिटं काढायची तयारी ठेवायची. १२ इंची चाकं असल्यामुळे खड्डा लहान असला तरी कंबरेला कळतो, पुण्यापर्यंत ठीक असतं, कराडनंतर मागची मंडळी अर्ध्या तासाला चहा मागायला लागतात. आवाजही असतो, ऐंशीच्या पुढे गाणी ऐकण्यात मजा नाही. म्हणून एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट नको. पहिल्या दिवशी कोल्हापूर, तांबडा-पांढरा ओरपून झोप, दुसऱ्या दिवशी सकाळी राधानगरी, दाजीपूरच्या जंगलातून आरामात फोंड्याला उतरायचं. मोठ्या गाडीत हा दाजीपूरचा पट्टा आम्ही झोपेत घालवला होता.

सामानाचं सांगतो. डिकी १७७ लिटर, म्हणजे एक मोठी ट्रॉली बॅग टाकली की संपली. ट्रॉली बॅगा घरीच ठेवा, कापडी पिशव्या घ्या, त्या कुठेही कोंबता येतात, सीटखाली, पायाशी, मागच्या काचेजवळ मात्र नको, मागचं दिसत नाही. कॅरिअर लावू नका असं माझं मत, आवाज वाढतो आणि ॲव्हरेज पडतो. सीएनजी किट असेल तर डिकी विसराच, मग मी सुद्धा दोनदा विचार करीन. परत येताना मेमध्ये आंब्याच्या पेट्या आणायच्या असतील तर जागेचं आधीच भांडून घ्या, आमच्याकडे दोन पेट्या पोरांच्या पायाखाली आल्या आणि नाशिकपर्यंत गाडीत जो वास होता त्यापुढे पाय दुमडून बसल्याची तक्रार कोणी केली नाही.

मग मोठी कोणी करावी? पाच किंवा जास्त मोठी माणसं असतील तर प्रश्नच नाही, मागे तिघे मोठे बसवून सहाशे किलोमीटर नेणं हा अन्याय आहे. आईवडिलांचे गुडघे दुखत असतील, किंवा घरात गाडी चालवणारा एकच आणि त्याला सलग चालवायची सवय नसेल, तरीही भाड्याचीच बरी. नुसतं गणपतीपुळे किंवा मालवण शहर, एकच हॉटेल, सिंधुदुर्ग किल्ला आणि परत, असा प्लॅन असेल तरी मोठीने काही बिघडत नाही, ते रस्ते चांगले आहेत. फक्त बुकिंग करताना राहण्याच्या जागेच्या मालकाला फोन करून विचारून घ्या, मोठी गाडी दारापर्यंत येते का, आणि ड्रायव्हरची झोपायची सोय आहे का. दुसरा प्रश्न लोक विसरतात आणि मग रात्री नऊला त्या बिचाऱ्यासाठी खोली शोधत फिरावं लागतं.

चौघं असाल, त्यातले दोन लहान, आणि आत आत फिरायची हौस असेल, तर मी आपली छोटीच काढीन. जायच्या आठवडाभर आधी अंबड-सातपूरकडच्या तुमच्या नेहमीच्या मेकॅनिककडून ब्रेक, कूलंट आणि क्लच बघून घ्या, क्लच घसरत असेल तर फोंड्याच्या चढाला परत येताना लगेच कळतं. स्टेपनीत हवा भरा, ती कोणीच भरत नाही. भरलेल्या गाडीला टायरमध्ये हवा किती ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेवढी मारा. आणि निघताना पहाटे तीनला निघा, मोहदरी घाट अंधारातच होऊन जातो, ट्रक असतात पण गर्दी नसते, साडेसहा-सातच्या आत चाकण पार झालं पाहिजे, नाहीतर तिथेच सगळा उत्साह संपतो, मग गाडी कुठलीही असो.