कौटुंबिक न्यासासाठी कायदेशीर सल्ला : शरणपूर रोडवरील एका कार्यालयाचा अनुभव

थोरल्या काकांनी पंचवटीतील घर व त्याखालचा गाळा नातवंडांच्या नावे न्यासात ठेवून मला आणि माझ्या चुलतभावाला विश्वस्त नेमले, तेव्हा आम्ही या वकिलांकडे गेलो. धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यासांची नोंदणी असते, आपला न्यास खासगी असल्याने त्याला 1882 चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले.

गाळा बाजारभावाने स्वतःच भाड्याने घेण्याची चुलतभावाची इच्छा होती. कलम 53 नुसार दिवाणी न्यायालयाच्या परवानगीवाचून विश्वस्ताला न्यासाची मालमत्ता विकत किंवा भाड्याने घेता येत नाही, आणि व्यवहार लाभार्थ्यांच्या उघड हिताचा असल्याशिवाय ती परवानगीही मिळत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. भाडे कितीही रास्त असो, घेणारा आणि देणारा एकच असू नये, हा त्यामागील विचार मला पूर्ण पटला. चुलतभावाला तो पटायला वेळ लागला. न्यासपत्रात तरतूद नसल्याने मानधन घेता येणार नाही, हेही तेव्हाच कळले.

हिशेबवहीचा नमुना मात्र फारच त्रोटक मिळाला. लाभार्थ्याने मागताच संपूर्ण व अचूक माहिती देणे विश्वस्ताचे कर्तव्य असताना दुरुस्तीचा खर्च आणि घरपट्टी एकाच रकान्यात कशी चालेल? तो भाग आम्ही सनदी लेखापालांकडून नव्याने करून घेतला. वकिलांचे शुल्क माफक नाही, परंतु ते आधीच लेखी कळवतात.