वॅब की सीआययू: अफेझियातली सुधारणा कशाने मोजायची?

अफेझिया म्हणजे मेंदूला इजा झाल्याने बोलण्यात आणि भाषा समजण्यात येणारी अडचण. ती मोजायची नेहमीची चाचणी म्हणजे वॅब (वेस्टर्न अफेझिया बॅटरी), आणि तिचे १०० पैकी एकूण गुण म्हणजे एक्यू. समजा, एका रुग्णाचा थेरपीपूर्वी एक्यू ६२, तीन महिन्यांनी ६८. संशोधनात ५ गुणांची वाढ हा उंबरठा सर्रास धरतात, मग रिपोर्टवर ‘अर्थपूर्ण सुधारणा’ लिहायला हरकत नाही, असं वाटतं. पण ते ६ गुण आले कुठून, हे आधी बघायला हवं.

वॅबचं गणित असं: उत्स्फूर्त बोलण्याचे २० गुण (माहितीचे १०, ओघाचे १०), आकलनाच्या २०० ला २० ने भागायचं, पुनरुच्चार आणि नावं सांगणं या दोन्हींच्या प्रत्येकी १०० ला १० ने, आणि सगळ्या बेरजेची दुप्पट. म्हणजे रुग्णाने आधी न सांगता आलेल्या एका वस्तूचं नाव बिनचूक सांगितलं, तर ३ गुण मिळतात आणि एक्यू वाढतो ०.६ ने. केवळ वस्तूंच्या नावांवर ५ गुण गाठायला अशा ९ वस्तू लागतील. उलट ओघाची एक पायरी वर दिली की एक्यू थेट २ ने चढतो. ओघात दोन, माहितीत एक पायरी, झाले ६ गुण! आणि या पायऱ्या तपासणारा ऐकून, अंदाजाने ठरवतो. थेरपी देणाराच तपासत असेल, तर हात नकळत सैल सुटतो. मला वॅबबद्दल खटकतं ते हेच.

सौम्य अफेझियात आणखी एक अडचण येते. ९३.८ च्या वर गेलेला माणूस कागदावर ‘अफेझिया नाही’ ठरतो, पण बँकेतला घोळ काउंटरवर सांगताना अडखळतोच.

सीआययू (करेक्ट इन्फर्मेशन युनिट), म्हणजे निकोलस आणि ब्रुकशायर यांची १९९३ ची पद्धत, इथे जास्त प्रामाणिक वाटते. चित्र दाखवायचं, बोलणं रेकॉर्ड करायचं, शब्द मोजायचे आणि त्यातले अचूक, चित्राशी संबंधित, नवी माहिती देणारे, म्हणजेच सीआययू, किती टक्के ते पाहायचं. चित्रात मुलगी पाण्यात पडतेय आणि रुग्ण म्हणतो, “तो... ती... मुलगा, म्हणजे मुलगी, पाण्यात, पाण्यात पडली.” शब्द ८, सीआययू ३, म्हणजे साधारण ३८ टक्के. इंग्रजी आकड्यांशी मात्र तुलना करू नका. आपला ‘पाण्यात’ एकच शब्द, त्यांचे निदान दोन-तीन. रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच करावी.

एका चित्रावर भागत नाही. चार-पाच चित्रं, मिळून ३००-४०० शब्द असावेत, नाहीतर त्या दिवसाचा थकवाच मोजला जातो. थेरपी सुरू होण्यापूर्वी आठवड्याच्या अंतराने दोनदा रेकॉर्डिंग करा. दोन्ही वेळांत ३० आणि ३८ टक्के आले असतील, तर नंतरच्या ४१ ला सुधारणा म्हणू नये. ५२ आले तर मी म्हणेन. पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहूनही सावरतो, तेव्हा श्रेय थेरपीला देताना जपून.

त्रास आहेच. दहा मिनिटांचं बोलणं उतरवून मोजायला तासाच्या वर जातो. शिवाय रुग्ण दोन-चार शब्दच बोलत असेल, किंवा प्रश्न आकलनाचा असेल, तर सीआययू काही सांगत नाही, तिथे वॅबच हवी. अफेझियाचा प्रकार आणि तीव्रता ठरवायलाही तीच. मात्र तिचे एकूण गुण न लिहिता विभागवार लिहावेत.

थेरपीने फरक पडला का, हाच प्रश्न असेल तर बहुधा सीआययूकडे वळावं. मोजणी दुसऱ्याकडून करून घ्या, आणि त्याला फायली देताना नावातून तारीख काढून टाका.